शांत, संथ फिंगरपिकिंग: स्वर छेडण्याइतकेच त्याचे विरणे सांभाळण्याविषयी

माझ्याकडे वारंवार येणारा एक प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन-तीन वर्षे मोकळ्या कॉर्ड आणि स्ट्रमिंग (तारांवरून एकदम हात फिरवून ताल धरणे) शिकलेल्या विद्यार्थ्याला प्रोग्रेसिव्ह रॉक आणि हेवी मेटल गाण्यांच्या आरंभी, किंवा दोन जोरकस भागांच्या मधोमध येणारे संथ, गूढ वातावरणाचे अकूस्टिक गिटारचे तुकडे बोटांनी वाजवायचे असतात. टॅब (तार आणि बोटाची जागा आकड्यांनी दाखवणारे लेखन) पाहून बोटे योग्य जागी पडतात, स्वरही चुकत नाहीत, तरी ऐकताना तो सरावाचा पाठ वाटतो आणि हवे ते वातावरण काही उभे राहत नाही. यासाठी वेगळे ट्यूनिंग (तारा वेगळ्या स्वरांवर लावणे) लागते का, ठरावीक पॅटर्न पाठ करावे लागतात का, की गिटारच बदलावी, असे तो विचारतो.

या तिन्ही गोष्टींना आपापले स्थान आहे आणि त्यांच्याविषयी पुढे लिहिले आहे. परंतु अडचणीचे मूळ त्यांपैकी एकातही नाही. गिटारची तार छेडली की स्वर त्या क्षणी सर्वांत मोठा असतो आणि तिथून पुढे तो केवळ विरत जातो. गायक किंवा बासरीवादक लावलेला स्वर मध्येच फुलवू शकतो; गिटारवादकाला ती सोय नाही. त्याच्या हातात आघात असतो आणि त्यानंतर उरते ती स्वराची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद. स्ट्रमिंग शिकताना कान आणि हात दोन्ही आघाताकडे लागलेले असतात, कारण तिथे ताल धरणे हेच मुख्य काम असते. संथ तुकड्यात मात्र दोन आघातांमधला काळ मोठा असतो, आणि ऐकणाऱ्याला वातावरण म्हणून जे जाणवते ते बहुतांशी त्या मधल्या काळातच घडते. तारा एकमेकींत मिसळत असतात, एक स्वर विरताना दुसरा त्याच्या अंगावर येतो, बेस खाली रेंगाळत राहतो. टॅबमध्ये स्वर कुठे सुरू होतो एवढेच लिहिलेले असते. तो कुठे संपावा हे क्वचितच लिहिलेले असते. म्हणूनच टॅब अचूक वाजवूनही तुकडा कोरडा राहतो. शांत फिंगरपिकिंग शिकणे म्हणजे माझ्या मते मुख्यतः स्वरांचे शेवट सांभाळायला शिकणे होय, आणि सरावाची सगळी आखणी मी त्याच दृष्टीने सुचवतो.

पहिला अभ्यास इतका साधा आहे की तो टाळण्याचा मोह होतो. दुसरी तार (तारा बारीक तारेपासून मोजतात) मोकळी, म्हणजे डाव्या हाताने न दाबता, छेडावी आणि स्वर पूर्ण विरेपर्यंत काहीही न करता ऐकावा. दुसऱ्या खेपेला, तो अर्धाअधिक विरला असताना, त्याच तारेवर तिसऱ्या फ्रेटचा (मानेवरच्या धातूच्या पट्टीचा) स्वर वाजवावा. मात्र पहिला स्वर विरत विरत जेवढा लहान झाला असेल, साधारण तेवढ्याच आवाजात दुसरा सुरू व्हावा. दुसऱ्याचा आघात मोठा झाला तर कानाला दोन सुटे ठोके ऐकू येतात. तो जुळला तर दोन स्वरांची एक ओळ ऐकू येते. असे चार-पाच स्वर एकापुढे एक ठेवले की ओळ हळूहळू उतरत जाते आणि तिच्या शेवटी पुन्हा थोडा भरीव आघात घ्यावा लागतो. गायकाने श्वास घ्यावा तशी ती जागा असते. हा अभ्यास रोज थोडा वेळ केला तर काही आठवड्यांत कानाची सवय बदलते, आणि एकदा कान बदलला की बोटांना फार काही सांगावे लागत नाही.

हळुवार वाजवायचे म्हणजे बोटातला जोर काढून घ्यायचा, अशी समजूत सर्रास आढळते. तिच्यामुळे आवाज पातळ आणि डळमळीत होतो, काही स्वर उमटतात आणि काही नुसते खरचटून जातात. बोटाने तारेवर आधी नीट टेकावे, तार किंचित साउंडबोर्डच्या (गिटारच्या पुढच्या लाकडी फळीच्या) दिशेने दाबावी आणि मग बोट तळहाताकडे वळवत तिला सोडावे. आवाजाची पातळी ठरते ती तार किती दाबली यावरून. सोडण्याची क्रिया मात्र मोठ्या आवाजात असते तितकीच निश्चित असावी लागते. तार साउंडबोर्डला लंब दिशेने कंप पावते तेव्हा ती लाकडाला अधिक हलवते आणि स्वर भरीव येतो. समांतर दिशेने कंप पावते तेव्हा स्वर तुलनेने पातळ, पण अधिक काळ टिकणारा असतो. बोट सुटण्याचा कोन थोडा बदलून या दोहोंमधला हवा तो आवाज शोधता येतो. तार बाहेरच्या बाजूला ओढून सोडली, तर ती फ्रेटवर आपटते आणि जो करकरीत आवाज येतो तो अशा तुकड्यात सर्वस्वी परका वाटतो.

छेडण्याची जागाही तितकीच महत्त्वाची आहे. तारेच्या अगदी मध्यावर, म्हणजे मोकळ्या तारेसाठी बाराव्या फ्रेटवर छेडले, तर सम क्रमांकाचे उपस्वर (मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे सूक्ष्म स्वर) जवळजवळ उमटतच नाहीत आणि स्वर गोल, पोकळ, दुरून आल्यासारखा ऐकू येतो. ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे, छेडले तर वरचे उपस्वर ठळक होऊन आवाज धारदार होतो. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेवर एकोणिसावा फ्रेट ब्रिजपासून सुमारे २१७ मिलिमीटरवर, म्हणजे तारेच्या एकतृतीयांश अंतरावर येतो. फिंगरबोर्ड संपतो त्याच्या आसपासची ही जागा शांत वादनासाठी मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण तिथे आवाज मऊ होतो, पण अस्पष्ट होत नाही. एकच ओळ एकदा इथे आणि पुढच्या आवर्तनात ब्रिजकडे चार बोटे सरकून वाजवली, तर एकही स्वर न बदलता प्रकाश बदलल्याचा भास होतो. जाणकार वादक हे सतत करत असतात आणि टॅबमध्ये त्याचा मागमूस नसतो.

नखांबद्दल विद्यार्थी फार चिंता करतात. स्टीलच्या तारांवर नखे झिजतात आणि तुटतातही. नुसत्या बोटाच्या मांसल भागाने वाजवले तरी या शैलीला काही कमी पडत नाही. नखे ठेवायचीच असतील तर ती बोटाच्या टोकापुढे एक-दोन मिलिमीटरच असावीत आणि त्यांची कड बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत केलेली असावी, म्हणजे तार आधी मांसल भागाला आणि मग नखाला लागून सुटेल. आपल्याकडे या स्पर्शाचा उत्तम नमुना मैफलीत गायकाच्या मागे बसलेला असतो. तानपुरा वाजवणाऱ्याचे बोट पाहावे: पहिल्या तारेला मध्यमा आणि पुढच्या तारांना तर्जनी, दोन्ही नखाविना, तारेला ओरखडा न काढता अलगद सोडून देणारी. प्रत्येक तार आधीच्या तारेच्या आसेत मिसळते आणि आघात कुठे झाला हे ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. गिटारच्या शांत तुकड्यातील बेसला आणि मधल्या तारांना हाच गुण हवा असतो.

एक घरगुती अडचण इथेच सांगितली पाहिजे, कारण तिचा परिणाम आपल्याला वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. आपल्याकडे बहुतेक जण छताचा पंखा चालू ठेवून सराव करतात. पंख्याच्या घरघरीत स्वराची शेवटची दोन-तीन सेकंदे बुडून जातात, आणि नकळत हात अधिक जोराने पडू लागतो. दिवसातला निदान थोडा सराव पंखा बंद करून, शक्य तर पहाटे किंवा रात्री उशिरा करावा.

आता एक प्रत्यक्ष तुकडा घेऊ. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये डाव्या हाताची तर्जनी पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला आणि अनामिका चौथ्या तारेवर चौथ्या फ्रेटला ठेवावी. बाकीच्या चारही तारा मोकळ्या. ही ई मायनर कॉर्डच आहे, पण तिच्यात चौथ्या तारेवरचा एफ शार्प मोकळ्या तिसऱ्या तारेच्या जी शेजारी, केवळ अर्ध्या स्वराच्या अंतरावर येऊन बसतो. हे दोन स्वर सुटे वाजवले तर खटकतात; एकमेकांच्या आसेत वाजले तर धुके पसरल्यासारखे वाटते. उजव्या हाताने अंगठा सहाव्या तारेवर, मग तर्जनी चौथीवर, मध्यमा तिसरीवर, अनामिका दुसरीवर, पुन्हा मध्यमा तिसरीवर आणि तर्जनी चौथीवर, असे सहा स्वरांचे आवर्तन घ्यावे. त्यानंतर डाव्या हाताची तीच दोन बोटे, आकार न मोडता, तिसऱ्या आणि पाचव्या फ्रेटवर न्यावीत आणि अंगठा आता पाचव्या तारेवर घ्यावा. ही सी मेजर सेव्हन्थ झाली. मग पाचवा आणि सातवा फ्रेट, म्हणजे बेसमध्ये डी. शेवटी सातवा आणि नववा, म्हणजे पुन्हा ई मायनर, पण बेस एक सप्तक वर. चार कॉर्ड, दोन बोटे, आणि वरच्या स्वरांच्या तीन बारीक तारा आरंभापासून अखेरपर्यंत मोकळ्या. प्रत्येक कॉर्डवर दोन आवर्तने घ्यावीत. पहिल्यात अनामिका दुसऱ्या तारेवर आणि दुसऱ्यात पहिल्या तारेवर पडावी.

या साध्या मांडणीत शांत वादनाच्या जवळजवळ सगळ्या समस्या येतात, म्हणून मी तिच्यावरच बराच काळ थांबायला सांगतो. पहिली समस्या स्पर्शाची आहे. अनामिका चौथ्या तारेवर थोडी जरी आडवी पडली, तरी तिची बाजू तिसऱ्या तारेला लागते आणि सगळ्या तुकड्याचा प्राण असलेला जी बंद पडतो. बोटाचे शेवटचे पेर तारेवर उभे राहिले पाहिजे, आणि त्यासाठी अंगठा मानेच्या मागे, साधारण मध्यमेच्या समोर यावा लागतो. दाब किती द्यावा हे शोधण्यासाठी बोट फ्रेटच्या अगदी मागे नुसते टेकवावे, तार छेडत राहावी आणि स्वर स्वच्छ होईपर्यंतच दाब वाढवावा. बहुतेकांना असे आढळते की त्यांचा नेहमीचा दाब गरजेपेक्षा पुष्कळ जास्त आहे. जास्त दाबामुळे हात आखडतो आणि कॉर्ड बदलताना धक्का बसतो.

दुसरी समस्या त्या बदलाची. बोटे तारेवरून उचलली की दोन आवर्तनांमध्ये खाच पडते. तशीच दाबून सरकवली तर चौथ्या आणि पाचव्या तारेच्या गुंडाळीवर चर्रर आवाज होतो, आणि शांत तुकड्यात तो संगीतापेक्षा मोठा ऐकू येतो. यावर उपाय दोन टप्प्यांचा आहे. आवर्तनातील शेवटचा स्वर छेडून झाल्यावर आधी फक्त दाब सोडावा, बोटे तारेला लागलेली असू द्यावीत. मग ती केसभर वर घेऊन पुढच्या जागी न्यावीत आणि सरळ खाली ठेवावीत. तारेच्या लांबीच्या दिशेने बोट घासले जात नाही, त्यामुळे आवाज होत नाही. या क्षणी वरच्या तीन मोकळ्या तारा वाजत असतात, आणि त्यांच्या आसेमुळे खालची खाच झाकली जाते. अशा तुकड्यांत मोकळ्या तारांचा एवढा भरणा का असतो, याचे उत्तर यातच आहे: हात जागा बदलत असताना गिटार वाजत राहते. बोट उचलताना ते सरळ वर उचलावे. तिरपे निघाले तर तार नकळत छेडली जाते आणि नको तो मोकळा स्वर उमटतो.

तिसरी समस्या याच्या उलट आहे, आणि तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. पहिल्या कॉर्डची मोकळी सहावी तार दुसऱ्या कॉर्डमध्येही घुमत राहते. सी मेजर सेव्हन्थच्या खाली तो ई राहिला की कॉर्डचा पाया डळमळतो आणि सगळे गढूळ होते. सगळे स्वर वाजत ठेवले म्हणजे वातावरण तयार होते असे नाही. कोणता स्वर राहावा आणि कोणता थांबावा याचा निर्णय वादकाने घ्यायचा असतो. इथे अंगठ्याने पाचवी तार छेडल्यावर लगेच मागे येऊन सहाव्या तारेवर अलगद टेकावे, म्हणजे नवा बेस सुरू झाल्यानंतर जुना थांबतो आणि मध्ये पोकळी राहत नाही. दुसरा मार्ग डाव्या हाताचा: पाचव्या तारेवरच्या तर्जनीचे टोक किंचित पुढे सरकवून सहाव्या तारेला नुसते लावून ठेवावे. मला दुसरा मार्ग अधिक सोयीचा वाटतो, कारण त्यात उजव्या हाताची लय मोडत नाही. पण दोन्ही येणे आवश्यक आहे, कारण कॉर्डच्या आकारानुसार एकच शक्य असतो.

उजव्या हाताच्या बोटांनाही हाच नियम लागू पडतो. पुढचा स्वर छेडण्यासाठी बोट तारेवर फार आधी टेकवले तर त्या तारेची चालू असलेली आस तुटते. वेगवान आर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकामागून एक वाजवणे) शिकवताना बोटे आधीच तारांवर ठेवून द्यायला सांगतात, आणि त्या ठिकाणी ते योग्यही आहे. संथ तुकड्यात मात्र टेकणे आणि सोडणे ही जवळजवळ एकच क्रिया व्हायला हवी. याच कारणाने इथे बोट छेडल्यानंतर शेजारच्या तारेवर विसावता कामा नये, हवेतच राहिले पाहिजे.

आता तोलाकडे येऊ. वरच्या तुकड्यात सहा स्वर सारख्याच आवाजात वाजवले तर ते यंत्रासारखे वाटतात. प्रत्यक्षात त्यात तीन आवाज दडलेले आहेत: अंगठ्याचा बेस, अनामिकेची सावकाश चालणारी धून आणि या दोहोंमधले तर्जनी-मध्यमेचे भरण. अनामिका सर्वांत पुढे, बेस तिच्या मागे आणि भरण सर्वांत मागे, असा क्रम हवा. नैसर्गिकपणे नेमके उलटे घडते, कारण अंगठा आणि तर्जनी बळकट असतात, तर अनामिका दुबळी असते. यासाठी जुना आणि खात्रीचा अभ्यास आहे. चारही बोटांनी चार तारा एकाच वेळी छेडाव्यात आणि प्रत्येक वेळी फक्त एका बोटाचा स्वर वर काढावा: आधी अंगठ्याचा, मग तर्जनीचा, मध्यमेचा आणि शेवटी अनामिकेचा. सुरुवातीला फरक वादकालाही ऐकू येत नाही. तो ऐकू येऊ लागला की आर्पेजिओकडे परतावे. शांत तुकड्याची पातळी ठरवताना सर्वांत लहान स्वरापासून मोजू नये. धुनेतला सर्वांत मोठा स्वर किती असावा हे आधी ठरवावे आणि बाकीचे त्याच्याखाली बसवावेत. असे केल्याने भरणाचे स्वर कुजबुजीइतके लहान होऊ शकतात आणि तरी धून स्पष्ट राहते.

लयीविषयी एवढेच सांगतो की ठाय लय द्रुत लयीपेक्षा अवघड असते. मेट्रोनोम मिनिटाला ४० ठोक्यांवर ठेवून प्रत्येक ठोक्यात तीन स्वर घेतले, तर वरचे सहा स्वरांचे आवर्तन तीन सेकंदांचे होते. हे स्थिर झाल्यावर ठोके २० वर आणावेत, म्हणजे प्रत्येक आवर्तनाला एकच ठोका मिळेल आणि मधली जागा स्वतःला मोजावी लागेल. ज्याला हे जमते त्यानेच पुढे लय मुद्दाम सैल करावी. चौथ्या कॉर्डवर किंचित रेंगाळून पहिलीवर परतणे सुंदर वाटते, पण ते रेंगाळणे ठरवून केलेले असावे, बोटांच्या अडखळण्यातून आलेले नसावे.

पॅटर्न पाठ करण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: दहा-बारा पुरेत, पण ते पूर्ण हुकमतीत हवेत. इटालियन गिटारवादक माउरो जुलियानी यांच्या १८१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या ओपसमध्ये (क्रमांक दिलेल्या रचनासंग्रहात) उजव्या हाताचे १२० छोटे अभ्यास आहेत आणि ते सगळे सी मेजर व जी सेव्हन्थ या दोनच कॉर्डवर बांधलेले आहेत. डाव्या हाताला जवळजवळ काम नसल्यामुळे सगळे लक्ष उजव्या हाताच्या बोटांच्या तोलावर राहते. मूळ रचना नायलॉनपूर्वीच्या, आतड्याच्या तारांच्या गिटारसाठी असली तरी स्टीलच्या तारांवरही तिचा तेवढाच उपयोग होतो. त्यानंतर इटालियन गिटारवादक मातेओ कार्कासी यांच्या ओपस ६० मधील २५ अभ्यासांपैकी तिसरा घ्यावा. आर्पेजिओच्या वरून धून कशी वाहती ठेवायची, हे त्याच्याइतके थोडक्यात शिकवणारे दुसरे काही मला माहीत नाही. रॉक किंवा मेटल आवडणाऱ्या विद्यार्थ्यांना हे अभ्यास जुनाट वाटतात, पण त्यांना आवडणाऱ्या शांत तुकड्यांचा बांधा बराचसा याच परंपरेतून आला आहे.

ट्यूनिंगचा प्रश्न मात्र खरोखर रंजक आहे. इंग्लिश गिटारवादक डेव्ही ग्रॅहम यांनी १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात, मोरोक्कोतील प्रवासानंतर, डी-ए-डी-जी-ए-डी हे ट्यूनिंग प्रचारात आणले आणि ब्रिटिश लोकसंगीताच्या गिटारवादकांनी ते उचलून धरले. नेहमीच्या ट्यूनिंगमधून तिथे जायला फक्त तीन तारा, सहावी, दुसरी आणि पहिली, प्रत्येकी दोन फ्रेटइतक्या उतरवाव्या लागतात. डी हा सा मानला, तर जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सा, प, सा, म, प, सा अशी मांडणी होते. त्यात मेजर की मायनर हे ठरवणारा गंधार नाही, त्यामुळे मोकळी कॉर्ड मेजरही नसते आणि मायनरही नसते, आणि तिचा भाव अनिश्चित राहतो. ज्याच्या कानात षड्ज-पंचम मुरलेले आहेत अशा मराठी विद्यार्थ्याला हे ट्यूनिंग चटकन आपलेसे होते. तानपुऱ्याचे अ‍ॅप डी या स्वरावर लावून त्याच्यासोबत तारा कानाने जुळवाव्यात आणि मग एकाच तारेवर धून, बाकी तारांवर मोकळा सा-प, असे वाजवून पाहावे. फक्त हे लक्षात ठेवावे की दोन फ्रेट उतरवलेल्या तारेवरचा ताण सुमारे २० टक्क्यांनी घटतो. ती सैल तार जोरात छेडली तर आघाताच्या क्षणी स्वर वर चढून बेसूर होतो. म्हणजे हे ट्यूनिंग मऊ हाताची मागणी करते. इंग्लिश गीतकार निक ड्रेक यांनीही अशी अनेक ट्यूनिंग वापरली आणि १९६९ ते १९७२ दरम्यानच्या त्यांच्या तीन अल्बममध्ये उजव्या हाताची जी समता ऐकू येते, ती या शैलीच्या प्रत्येक अभ्यासकाने कान देऊन ऐकावी अशी आहे. तरी क्रम सोडू नये. नव्या ट्यूनिंगमध्ये पहिल्याच दिवशी काहीही वाजवले तरी गोड लागते, आणि त्या गोडव्यात हाताचे दोष झाकले जातात. आधी नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये हात तयार करावा.

बाराव्या, सातव्या आणि पाचव्या फ्रेटवरचे हार्मोनिक्स (तारेला नुसता स्पर्श करून काढलेले घंटेसारखे स्वर) या तुकड्यांत शोभतात. बोट फ्रेटच्या पट्टीच्या अगदी वर, न दाबता टेकवावे आणि छेडल्याबरोबर उचलावे. एका तुकड्यात एक-दोन पुरेत.

गिटार बदलण्याची घाई करू नये. आधी आहे ती नीट लावून घ्यावी. बाराव्या फ्रेटवर सहावी तार फ्रेटपासून सुमारे अडीच मिलिमीटर उंच आणि पहिली दोनच्या आत असेल, तर कमी दाबात वाजवणे शक्य होते. पहिली तार ०.०११ इंच जाडीची असलेल्या सेटमधल्या फॉस्फर ब्राँझच्या तारा या कामाला चांगल्या, ०.०१२च्या सेटचा आवाज भरीव, पण हाताला जड. रेशमी धाग्यावर गुंडाळलेल्या सिल्क अँड स्टील तारांचा ताण कमी आणि आवाज मऊ असतो, त्यामुळे घरात हळू वाजवणाऱ्यांनी त्या एकदा लावून पाहाव्यात. अगदी नव्या तारा चकचकीत वाजतात आणि बोट सरकताना जास्त चर्रतात. आठवडाभर वाजवून मुरलेल्या तारा मला अधिक पसंत आहेत. कोकणात आणि मुंबईत पावसाळी हवेत त्या फार लवकर गंजतात, तिथे कोटिंग केलेल्या तारांचा खर्च भरून निघतो. सॉलिड लाकडाच्या गिटारला हवेतील आर्द्रता ४५ ते ५५ टक्के मानवते. पावसाळ्यात लाकूड फुगून तारा उंच होतात आणि दाब वाढवावा लागतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात लाकूड आकसून तारा खाली येतात आणि फ्रेटवर खरखरू लागतात. स्ट्रमिंगमध्ये ही खरखर खपून जाते, शांत वादनात मुळीच नाही. म्हणून गिटार केसमध्ये ठेवावी, पावसाळ्यात आत सिलिका जेलच्या पुड्या आणि उन्हाळ्यात ओलसर ठेवणारा ह्युमिडिफायर ठेवावा.

शेवटी ध्वनिमुद्रणाविषयी, कारण स्वतःचे वादन वाजवताना नीट ऐकू येत नाही. मोबाइल बाराव्या ते चौदाव्या फ्रेटच्या समोर, वीतभर किंवा थोड्या अधिक अंतरावर ठेवावा. साउंडहोलच्या समोर ठेवला तर बेस घुमून बाकी सगळे झाकते. अनेक मोबाइल मोठे आवाज आपोआप लहान आणि लहान आवाज मोठे करतात, त्यामुळे तोलाबद्दलचा निष्कर्ष त्यावरून काढू नये. हे स्वयंचलित नियंत्रण बंद करता येणारे एखादे मुद्रण अ‍ॅप वापरावे. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) सरावाच्या काळात अजिबात लावू नये, कारण तुटलेली आस तो खोटेपणाने जोडून दाखवतो. मुद्रण ऐकताना दर खेपेला एकच गोष्ट ऐकावी: एकदा फक्त बेसचे स्वर कुठे थांबतात ते, एकदा कॉर्ड बदलतानाची खाच आणि घासण्याचा आवाज, एकदा अनामिकेची धून सलग ऐकू येते का ते. वरचा चार कॉर्डचा तुकडा या तिन्ही कसोट्यांवर उतरला की तुम्हाला हव्या असलेल्या गाण्याचा टॅब पुन्हा काढावा आणि पहिल्या दोन ओळींत प्रत्येक स्वर कुठे थांबायचा, याच्या खुणा पेन्सिलीने त्यावर करून मगच तो वाजवायला घ्यावा.